उशाशी ठेवलेली पुस्तके

आमच्या घरात पुस्तकांचे कपाट कधीच नव्हते. भिंतीत एक कोनाडा होता. वरच्या फळीवर जुजदानात बांधलेले कुरआन शरीफ, खालच्या फळीवर अम्मीच्या जहेजमध्ये आलेले ‘बहिश्ती जेवर’, दिल्लीहून निघणाऱ्या उर्दू मासिकांचे जुने अंक आणि आम्हा भावंडांची शाळेची पुस्तके. अम्मीचे वडील खेड्यातून आले आणि मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात ज्या संस्थेचा पाया घातला, तीच ही बोर्डिंग. त्यामुळे मुलीच्या जहेजमध्ये भांड्यांबरोबर पुस्तक द्यावे, एवढी समज त्यांना होती.

हे सांगणारे आम्ही म्हणजे तिघे भावंडे. थोरली आपा सांगलीला दिलेली, मधला भाईजान टेम्पो चालवतो आणि धाकटी उर्दू शाळेत शिकवते. लेखणी धाकटीच्या हाती असली तरी गोष्ट तिघांची आहे, म्हणून ‘आम्ही’.

२०१६ च्या डिसेंबरात अम्मीचे पाय सुजू लागले. सकाळी उठली की डोळ्यांखाली फुगलेले असायचे. तोंडाची चव गेली. बारा वर्षांची शुगर आणि ब्लडप्रेशर होतेच. आम्हाला वाटले, त्याचेच काहीतरी असेल. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, क्रिएटिनिनच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले, “दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात. डायलिसिसची तयारी ठेवा.” बाहेर आणखी तीस पेशंट बसले होते. त्यांच्याजवळ वेळ नव्हता आणि आमच्याजवळ प्रश्न नव्हते. काय विचारायचे हेच कळत नव्हते, तर विचारणार काय?

घरी आल्यावर अम्मीने विचारले, “गुर्दा खराब हुआ बोले तो क्या हुआ ग?” तेव्हा धाकटीने शाळेच्या पिशवीतून विज्ञानाचे पुस्तक काढले. आमच्या उर्दू माध्यमातल्या मुलांना बालभारतीचे असते तेच. त्यात घेवड्याच्या बीसारखी आकृती होती. रक्त कुठून येते, गाळले कुठे जाते, लघवी कुठून बाहेर पडते, हे बाण काढून दाखवले होते. हा धडा वर्गात कितीदा शिकवला होता. त्या रात्री साठीला आलेल्या आईला शिकवताना मात्र हात थरथरत होता. अम्मीने आकृती नीट बघितली आणि म्हणाली, “म्हणजे चाळणी आहे. चाळणी बुजलीय.” आजारपणात आमच्या उपयोगी पडलेले पहिले पुस्तक हेच.

दुसऱ्या पुस्तकाने घात केला, तेही सांगितले पाहिजे.

आजाराची बातमी कळली की नातेवाईक येतात, आणि येताना रिकाम्या हाताने येत नाहीत. कुणी दम केलेले पाणी आणले, कुणी वजीफ्यांची चोपडी. एका ओळखीच्या माणसाने एक पातळ पुस्तिका दिली. वर मोठ्या अक्षरात होते की डायलिसिस न करता किडनी पूर्ववत होते. आत बरे झालेल्यांची पत्रे छापली होती. रोज दोन नारळांचे पाणी, सोबत एका हकिमाकडून मिळणारी पुडी, आणि ‘किडनी धुऊन निघते’ हे आश्वासन. आम्ही तिघेही शिकलेले. धाकटी तर बी.एड. झालेली. तरीही आम्ही विश्वास ठेवला, कारण डॉक्टरांनी जे पाच मिनिटांत सांगितले नव्हते ते या पुस्तिकेने चाळीस पानांत, गोड भाषेत सांगितले होते. दोन महिने अम्मी नारळपाणी प्यायली. मग एका रात्री तिला आडवे होता येईना, श्वास लागला, छातीत पाणी झाले. मानेतल्या मोठ्या नळीतून तातडीने डायलिसिस करावे लागले. नंतर समजले की नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, रक्तात साठते आणि हृदय बंद पडू शकते. आम्ही आईला आमच्या हाताने रोज ते पाजत होतो.

दुखणाईताच्या घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला आधी दोन प्रश्न विचारावेत, असे आता आम्हाला वाटते. हे कुणी लिहिले? आणि हे खोटे ठरले तर त्याचे काय जाते? त्या पुस्तिकेवर लेखकाचे नाव नव्हते, औषधाचा पत्ता तेवढा होता.

त्या रात्रीनंतर अम्मीचे आयुष्य आठवड्याच्या तीन दिवसांत वाटले गेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. प्रत्येक वेळी चार तास. हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला. त्यावर बोट ठेवले की आत भुंगा गुणगुणल्यासारखे लागे. त्या हातात बांगड्या घालायच्या नाहीत, वजन उचलायचे नाही, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायचा नाही. दिवसाला मोजून पाणी. भाज्या चिरून पाण्यात भिजत ठेवायच्या, ते पाणी फेकून द्यायचे, मग शिजवायच्या. मीठ जवळजवळ बंद. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा नाही! अम्मी म्हणायची, “जन्नत में मिलेगा.”

मग रमजान आला. खरी परीक्षा तिथे झाली. अम्मीने वयाच्या नवव्या वर्षापासून रोजे धरलेले. डॉक्टर म्हणाले, “नाही.” आम्हीही म्हणालो, “नाही.” अम्मी ऐकेना. पहिल्या सहेरीला ती उठून बसली होती, कुणी काही बोलले की तोंड फिरवायची. मग आपाने कोनाड्यातले ‘बहिश्ती जेवर’ खाली काढले.

मौलाना अशरफ अली थानवी यांचा हा ग्रंथ आपल्या कितीतरी घरांत असतो, लेकीबरोबर सासरी जातो आणि तिथे फळीवर राहतो. त्याचा नववा भाग आरोग्य आणि इलाजाबद्दल आहे. पण आम्हाला हवा होता तो मसला रोज्याच्या आणि नमाजच्या प्रकरणात होता. आपा वाचत गेली. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा सूरह बकरमध्येच आहे. बरा होणार असेल तर त्याने नंतर कजा करावी, बरे होण्याची आशा नसेल तर एका रोज्याबद्दल एका गरजूला जेवण द्यावे, म्हणजे फिदया. पाणी अपाय करत असेल तर तयम्मुम. पट्टी असेल तर पट्टीवरून ओला हात. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर पडून, तेही जमत नसेल तर इशाऱ्याने.

अम्मी ऐकत राहिली. डॉक्टरांचे ‘नाही’ तिला मनाईसारखे वाटत होते, आमचे ‘नाही’ मुलांचा आगाऊपणा. या पुस्तकात मात्र तिच्यासाठी आधीच जागा ठेवलेली होती. आपण नियमाबाहेर फेकले गेलो नाही, आजाऱ्यासाठी नियमातच एक दार आहे, हे तिला तिच्याच जहेजच्या पुस्तकातून कळले. त्या दिवशी तिने रोजा सोडला. संध्याकाळी सगळे इफ्तारला बसले तेव्हा तिच्यापुढे खजूर ठेवायचा नव्हता, त्यातही पोटॅशियम. तिने एक खजूर उचलला, हुंगला आणि नातवाच्या हातावर ठेवला. फिदयाचे जेवण ती स्वतः चूल-कट्ट्याजवळ बसून सांगून करून घ्यायची आणि गल्लीतल्या एका एकट्या म्हाताऱ्या बाईला पोचवायची. त्या डब्यात मीठ व्यवस्थित आहे ना, हे मात्र दोनदा विचारायची.

डायलिसिसचे चार तास फार लांब असतात. एका रांगेत पलंग, प्रत्येकाशेजारी मशीन, लाल नळ्या. सुरुवातीला धाकटी शाळेच्या वह्या तपासायला नेत असे. मग करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तके आणू लागली. १८५० मध्ये सुरू झालेले हे आमच्या शहराचे जुने वाचनालय. तिथे एका मराठी बाईंनी नाव सुचवले, पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’. ललित लेखन करणाऱ्या या लेखिकेने स्वतःच्या किडनीच्या आजारावर आणि प्रत्यारोपणावर लिहिलेले पुस्तक. अम्मीला मराठी बोललेले समजायचे, छापलेले वाचता येत नव्हते. म्हणून वाचायचे मराठीत आणि सांगायचे आपल्या दखनीत, असा क्रम पडला.

पुस्तकाच्या नावातच ‘हसरी’ आहे, हे अम्मीला आधी पटले नाही. “गुर्दा गया और हँसती क्या ये औरत?” पण हळूहळू ती बाई तिच्या ओळखीची झाली. एका ब्राह्मण घरातल्या, इंग्रजी शिकलेल्या लेखिकेला आपल्यासारखीच सुईची भीती वाटते, घरच्यांच्या चेहऱ्यावरून तीही रिपोर्ट ओळखू बघते, याचे तिला नवल वाटे. शेजारच्या पलंगावर कागलकडचे एक शेतकरी मामा असत. ते म्हणाले, “ताई, जरा मोठ्यानं वाचा की. आम्हालाबी ऐकू द्या.” मग वाचन मराठीतच होऊ लागले आणि मध्येच अम्मीसाठी दखनी. सिस्टरही सुई टोचून झाल्यावर दोन मिनिटे थांबत. पुढे डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ वाचले. गडचिरोलीत लोकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरालाच ऐन चव्वेचाळिशीत हृदयविकाराने गाठले आणि मग त्याने स्वतःच्या जगण्याची तपासणी केली, हे ऐकून मामा म्हणाले, “डाक्तरलाबी सुटका नाही म्हणा.” त्यांना यात मोठे समाधान वाटले!

एकदा मशीनचीच गोष्ट वाचली. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड देश जर्मनांच्या ताब्यात असताना विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरने १९४३ मध्ये हे यंत्र बनवले. सामान मिळेना म्हणून सॉसेज भरायचा सेलोफेनचा कागद वापरला. आधीचे बहुतेक सगळे पेशंट दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. अम्मीने नळ्यांकडे बघून आधी त्या दगावलेल्यांसाठी दुआ केली. म्हणाली, त्यांच्यावर शिकले, म्हणून आपल्याला मिळाले.

‘मी भरून पावले आहे’ हे मेहरुन्निसा दलवाई यांचे आत्मकथन तिला सर्वांत जवळचे वाटले. हमीद दलवाई किडनीच्याच आजाराने ३ मे १९७७ रोजी गेले. पंचेचाळीशीही गाठली नव्हती. त्यांचे विचार आपल्यातल्या कितीजणांना पटतात आणि कितीजणांना नाही, तो वाद इथे नको. अम्मीलाही सगळे पटत नव्हते, ती मध्ये मध्ये हुज्जत घालायची. पण उर्दूत वाढलेली एक बाई मराठी घरात येते, मराठी आपली करते आणि नवऱ्याच्या आजारपणात त्याच्यासोबत उभी राहते, हे तिला समजत होते. “इसकू पूछो, कितना रोई होगी,” एवढेच ती म्हणाली.

आता मुख्य गोष्टीकडे यावे लागेल. इतका वेळ आम्ही तिच्या कडेकडेने फिरत होतो.

डॉक्टरांनी २०१८ मध्ये विषय काढला. डायलिसिस किती वर्षे करणार? घरातल्या कुणी किडनी दिली तर बरे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळच्या नात्यातल्यांना देता येते, विकत घेणे गुन्हा आहे. आम्ही तिघांनी तपासण्या केल्या. आपाला शुगर निघाली. भाईजानचा रक्तगट जुळला नाही. धाकटीचे सगळे जुळले.

अम्मीने पहिला शब्द उच्चारला तो ‘हराम’. शरीर अल्लाहची अमानत आहे, ती वाटायची कशी? आम्ही आमच्या ओळखीच्या एका मौलानांकडे गेलो. त्यांनी निकाल न देता दोन पुस्तके हातात ठेवली. एक मुफ्ती मुहम्मद शफी यांचे, ‘इन्सानी आजा की पैवंदकारी’. त्यांचे मत स्पष्ट : माणसाचे अवयव माणसाच्या मालकीचे नाहीत, मानवी देहाची प्रतिष्ठा आहे, त्याचे तुकडे दुसऱ्याला जोडणे जायज नाही. दुसरे होते इस्लामिक फिक्ह अकॅडमी, इंडियाच्या ठरावांचे. १९८९ मध्ये दिल्लीच्या या अकॅडमीत उलमांनी विचार करून मत दिले होते की तज्ज्ञ डॉक्टरांच्या मते देणाऱ्याला धोका नसेल आणि आजाऱ्याचा जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल, तर निरोगी माणूस आपल्या आजारी नातेवाइकाला एक किडनी देऊ शकतो, मात्र मोबदला न घेता. जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकॅडमीनेही १९८८ मध्ये अटींसह अशीच परवानगी दिली होती.

दोन्हीकडे मोठे आलिम, दोन्हीकडे दलील. आम्हाला हवे होते एक बोट, रस्ता दाखवणारे. मिळाले दोन. आठवडाभर घरात दोन्ही पुस्तके अम्मीच्या उशाशी होती. ती उर्दू चांगली वाचायची. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत राहिली. आम्ही वाट बघत होतो की ती दुसऱ्या पुस्तकाशी येऊन थांबेल.

ती थांबली, पण आमच्या अपेक्षेप्रमाणे नाही. एका शुक्रवारी मशीनवरून उतरल्यावर म्हणाली, “जायज है, मान लिया. पर फर्ज तो नहीं लिखा ना? मेरेकू बेटी का गुर्दा नक्को. उसका शादी-ब्याह, बाल-बच्चे बाकी हैं.” आम्ही भांडलो. धाकटी रडली. भाईजान म्हणाला, “तू जिद्द करतेयस.” अम्मीने हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांची आठवण काढली. कुरआनात सूरह अंबियात आणि सूरह सादमध्ये त्यांच्या आजाराचा आणि सब्रचा उल्लेख येतो. अम्मीचे म्हणणे, त्यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले, मागितले ते त्याच्याकडेच. मीही त्याच्याकडे मागते, पोरीकडे मागणार नाही.

ज्या पुस्तकातून आम्ही परवानगी शोधली, त्याच पुस्तकातून तिने नकाराचा हक्क शोधला. वाचायला आम्हीच शिकवले होते असे नाही, ती आमच्याआधीपासून वाचत होती. आम्हीच ते विसरलो होतो.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. महामार्ग बंद, शहराचे नळ बंद. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. चहूकडे पाणीच पाणी आणि मशीनला पाणी नाही! टँकर येईपर्यंत अम्मीची एक पाळी चुकली. ती तीन दिवस घोट-घोट मोजत राहिली. त्या तीन रात्री लाइट नव्हती. मेणबत्तीवर गालिबची पत्रे वाचली. गालिब १८६९ मध्ये वारले. शेवटच्या वर्षांत अंगभर गळवे, कानांनी ऐकू कमी, नजर मंद. या सगळ्याच्या तक्रारी ते दोस्तांना लिहितात आणि तक्रार करता करता स्वतःचीच थट्टा करतात. अम्मी अंधारात हसली. पाय सुजलेले, दम लागलेला, आणि हसली. चौथ्या दिवशी कागलचे मामा येऊ शकले नव्हते, त्यांचा पलंग रिकामा होता. पुढच्या आठवड्यात कळले, ते वाटेत अडकले आणि राहिलेच.

अम्मी २०२१ च्या फेब्रुवारीत गेली. झोपेत. चार वर्षे डायलिसिस झाले.

तिला बळजबरीने तयार केले असते तर? हा प्रश्न आम्हा तिघांमध्ये अजून आहे. धाकटीच्या अंगात दोन किडन्या आहेत आणि त्यातली एक तिला जड वाटते. या प्रश्नाचे उत्तर एकाही पुस्तकात सापडले नाही. पुस्तकांनी आजार बरा केला नाही, निर्णयही घेतला नाही. पण त्या चार वर्षांत अम्मी नुसती पेशंट राहिली नाही. ती शिकणारी होती, हुज्जत घालणारी, हसणारी आणि शेवटी आपला फैसला आपण करणारी बाई होती. ते तिला पुस्तकांच्या संगतीत राहता आले म्हणून. आम्हाला जे समाधान आहे ते एवढेच.

सामान आवरताना ‘बहिश्ती जेवर’च्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे सापडले. उर्दू आकड्यांत, दोन-दोन रांगांनी. मशीनवर बसण्याआधीचे वजन, उतरल्यावरचे वजन. पान भरल्यावर समासात लिहिले होते. कुठेही शेरा नाही, एका ठिकाणी फक्त ‘खजूर नहीं खाया’.

गेल्या वर्षी धाकटीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत थांबली. म्हणाली, “टीचर, अब्बाकू डायलिसिस बोले. वो क्या होता?” धाकटीने तिच्याच दप्तरातले विज्ञानाचे पुस्तक उघडून ती घेवड्याच्या बीसारखी आकृती दाखवली. दुसऱ्या दिवशी ‘हसरी किडनी’ची आम्ही विकत घेतलेली प्रत तिच्या घरी पाठवली. आत एक चिठ्ठी ठेवली. मजकूर तिघांनी मिळून ठरवला : नारळपाणी देऊ नका. काय खायचे, काय प्यायचे ते डॉक्टरांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, लाजू नका. आणि जमले तर मशीनजवळ बसून मोठ्याने वाचा, शेजारच्या पलंगालाही ऐकू जाईल असे.